हात दाबायचं बटण

सोमवारी दुपारी चाचणीच्या खोलीत सहा पडदे होते, बारा कंट्रोलर होते, एका कानाने बहिरा झालेला हेडफोन होता आणि साठ सामन्यांची नोंद होती. साठांपैकी एक्केचाळीस सामने शेवटपर्यंत गेले होते, एकोणीस मध्येच तुटले होते. त्या एकोणिसांतले अठरा एकाच क्षणी तुटले होते: एक पैलवान दुसऱ्याला डोक्यावर उचलत असताना. एकोणिसावा तुटला तो झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पायात वायर अडकल्यामुळे. तो चाचणी घेणाऱ्या मुलीने हिशोबातून वगळला, पण नोंदीत ठेवला.

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं होतं. ते एकदा डबा द्यायला आले आणि सगळ्यांसमोर त्याच नावाने हाक मारून गेले. तेव्हापासून खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

गेम होता रिंगमधल्या कुस्तीचा. रंगीत चड्ड्या, मोठमोठे पट्टे, गर्जना करणारी गर्दी, असली कुस्ती. एका घरात एकट्याने खेळला तर तो लोण्यासारखा चालायचा. पण दोन शहरांतली दोन माणसं ऑनलाइन भिडली की एकाने दाबलेलं बटण दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागे. ठोसा, लाथ यांना तेवढ्याने काही बिघडत नसे. उचलण्याचं मात्र वेगळं होतं. एका घरात पैलवान हवेत गेलेला असे, दुसऱ्या घरात तो अजून जमिनीवर पाय रोवून उभा असे. मग दोन यंत्रं आपापलं खरं धरून भांडत बसत आणि सामना तुटे.

स्टुडिओ चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या फळ्यावर ‘ऑनलाइन सामने’ या शब्दांपुढे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: काढायचे?

"गुरुवारी चार वाजता," बाई गेल्या शुक्रवारी म्हणाल्या होत्या. "वेगवेगळ्या शहरांतली दोन माणसं, आपल्या ऑफिसातली नकोत. वीस मिनिटांचा एक पूर्ण सामना. तुटला, तर मी ते प्रश्नचिन्ह पुसणार."

वीस मिनिटं हीच अडचण होती. हल्लीची पोरं जिंकायला खेळतात. तिसऱ्या मिनिटाला एक जण हरायला लागतो आणि वायर उपटून मोकळा होतो. वीस मिनिटं एकमेकांशी लढत राहण्याची हौस असलेली माणसं तिला जगात दोनच माहीत होती.

एक तिचे बाबा. रिंगमध्ये त्यांचं नाव गेंडा. दुसरे खांबकाका, सहा फूट पाच इंच उंच, म्हणून खांब. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीतून गावोगाव फिरले, एकाच डब्यातलं जेवले आणि संध्याकाळी रिंगमध्ये एकमेकांचे जन्माचे वैरी झाले. कोण जिंकणार ते गाडीतच ठरे. ठरलेलं नसे ते पडणं. ते खरंच लागे.

अकरा वर्षांपूर्वी एका सामन्याच्या सतराव्या मिनिटाला गेंड्याने खांबाला डोक्यावर उचललं. त्या उचलीला ते ‘कळस’ म्हणत. कळस निसटला. खांबकाकांचं खुब्याचं हाड मोडलं, घंटा वाजली आणि सामना तिथेच राहिला. काका आता नऊशे किलोमीटरवर मुलाकडे राहत, काठी घेऊन चालत. दर रविवारी दोघांचा फोन होई. हवापाणी, गुडघे, सुनेचा स्वभाव, सगळं बोलून होई. कुस्तीचा विषय निघाला की बाबा मूग गिळून बसत.

"मला त्यातलं काही कळत नाही," तिने विचारल्यावर बाबा म्हणाले. "आणि खांबाला त्रास कशाला?"

"काकांना मी आधीच विचारलंय. यंत्र पोचलंसुद्धा. सूनबाईंनी जोडून दिलं."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग आता काय म्हणतोय?"

पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते आंघोळ करून, केस विंचरून तिच्या ऑफिसातल्या खुर्चीत येऊन बसले. कंट्रोलर त्यांच्या हातात सुपारीएवढा दिसत होता.

पडद्यावर दोन पैलवान आले. स्पीकरमधून काकांचा खर्जातला आवाज आला.

"गेंड्या, वजन वाढलंय तुझं."

"ते चित्र आहे, लेका."

"चित्रातसुद्धा वाढलंय. आणि डोक्यावर केस कुठून आणलेस?"

"पोरीनं दिले."

"तिला म्हणावं, मूठभर इकडेही पाठव."

सामना सुरू झाला आणि पहिल्या मिनिटातच ऑफिसातले चार जण काम सोडून मागे येऊन उभे राहिले. असला खेळ त्यांनी पाहिला नव्हता. गेंडा ठोसा मारे तेव्हा खांब चुकवत नसे, उलट तोंड पुढे करून दोन पावलं लडखडे. खांबाला दोरावरून उडी मारायची असली की गेंडा बरोबर जागेवर येऊन, गुंगी आल्यासारखा, त्याची वाट पाहत उभा राही. कोणी कोणाची संधी साधत नव्हतं. उचलींवर उचली होत होत्या आणि एकही तुटत नव्हती. मोजपट्टीने नऊपर्यंत मोजल्या.

सहा मिनिटं बारा सेकंदांनी पडदा लाल झाला. मधोमध अक्षरं उमटली: दोन्ही खेळाडू ठरवून खेळत असल्याचा संशय. सामना रद्द.

लबाडी पकडणारी यंत्रणा सर्व्हर सांभाळणाऱ्या तिच्या मित्राने बसवली होती. गुण वाढवायला मुद्दाम हरणाऱ्यांना ती हुडकून काढे. तो मागे उभा होता. त्याने कपाळावर हात मारला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो पुटपुटला.

मग काका म्हणाले, "बावीस वर्षं भरल्या मांडवात ठरवून लढलो. कोणाला पत्ता लागला नाही. आज पकडले गेलो."

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. "झालं तर मग. पुरे." ते उठून चहाच्या यंत्राकडे गेले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं तिला दिसलं. कळस यायच्या आधीच सामना संपला होता.

तिने नोंद उघडली. अठरा सामने जिथे तुटले, तिथे हे दोघं नऊ वेळा सुखरूप गेले होते. योगायोग म्हणावा तर नऊ फार झाले. ती ओळीमागून ओळ वाचत गेली आणि तिला एक बिनकामाचं बटण सापडलं. कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावर असलेलं ते छोटं बटण गेममध्ये कशालाच जोडलेलं नव्हतं. तरी प्रत्येक उचलीआधी गेंड्याकडून ते एकदा दाबलं गेलं होतं. आणि दर वेळी, अर्ध्या सेकंदाच्या आत, नऊशे किलोमीटरवरून खांबाकडूनही. एकाचं दाबणं दुसऱ्याला दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. दाबून झाल्यावर दोघंही क्षणभर थांबत होते, आणि तेवढ्या अवधीत दोन्ही यंत्रांचं एकमत होऊन जात होतं.

"बाबा, हे बटण कशाला दाबत होता?"

"कोणतं?" त्यांनी स्वतःच्या बोटाकडे दुसऱ्याचं असल्यासारखं पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला. "अच्छा. ती सवय आहे. उचलण्याआधी समोरच्याचं मनगट दाबायचं. तयार आहेस का, म्हणून. त्यानं परत दाबलं, तर उचलायचं. नाही दाबलं, तर काहीतरी दुसरं करायचं. लोकांना दिसत नाही ते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. अर्धी उडी त्यालाच मारायची असते ना. एवढा मोठा खांब मी एकटा उचलतो असं वाटलं तुला?"

तिला लहानपणापासून तसंच वाटत होतं.

"आणि त्या सामन्यात?" तिने विचारलं.

बाबांनी कपाचा कान आधी डावीकडे केला, मग उजवीकडे. "मी दाबलं. त्याचं उत्तर आलं की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. गर्दी ओरडत होती. मी थांबलो नाही."

"काकांना विचारलं नाहीत?"

"तो नाही म्हणाला असता तर?"

बुधवारी ती आणि सर्व्हरवाला मित्र सकाळी आठला कामाला बसले. आधी त्या बिनकामाच्या बटणाला काम दिलं. एकाने दाबलं की दुसऱ्याच्या हातातला कंट्रोलर थरथरणार. दुसऱ्याने परत दाबलं, तरच उचल होणार. नाही दाबलं, तर दोन्ही पैलवान जमिनीवरच राहणार. पैलवान एकमेकांना धरून जोर लावतात ते हालचालीचं चित्र त्यांनी पाऊण सेकंद लांबवलं. सेकंदाच्या सातव्या भागाचा विलंब त्यात कुठे गेला ते कळेनासं झालं. लबाडी पकडणाऱ्या यंत्रणेलाही समजावलं: हात दाबून खेळणाऱ्यांना गुण द्यायचे नाहीत, त्यांच्या सामन्यात फक्त गर्दीचा आवाज मोजायचा. संध्याकाळी सहापर्यंत तिने ऑफिसातल्या ऑफिसात दोनशे उचली केल्या. दोनशेही जागेवर बसल्या. पण ऑफिस म्हणजे नऊशे किलोमीटर नव्हे.

बाबांना आणणं त्याहून अवघड गेलं. "वीस मिनिटं म्हणजे सतरावं मिनिट येणारच," ते म्हणाले.

"येईल. पण आता उत्तर आल्याशिवाय उचलता येणार नाही. तुम्ही कितीही जोर लावलात तरी."

"हे तू माझ्यासाठी केलंस, का गेमसाठी?"

"यंत्रांचं एकमत होत नव्हतं, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

गुरुवारी चारला मोठ्या बाई हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. पहिल्या उचलीआधी बाबांनी बटण दाबलं. थोड्याच वेळात त्यांच्या तळव्यात कंट्रोलर हलकेच थरथरला आणि ते इतके दचकले की उचललेला खांब थेट दोरावर जाऊन आदळला.

"काय रे?" काका म्हणाले. "पहिल्यांदा हात धरलास की काय माझा?"

"गार आहे तुझा हात."

"इकडे समुद्राचं वारं असतं."

मग दोघं रंगात आले. काकांनी पंचाच्या पाठीमागे मारायला खुर्ची उचलली, बाबांनी लंगडत गर्दीकडे दाद मागितली, आणि गर्दीच्या आवाजाचा काटा चढत गेला. बाईंनी हाताची घडी दहाव्या मिनिटाला सोडली. सोळावं मिनिट सरलं.

सतराव्यात खांब रिंगच्या मधोमध येऊन नुसता उभा राहिला.

"राहिलाय तो आपला," काका म्हणाले.

बाबांनी कंट्रोलर घट्ट धरला. अंगठा पांढरा झाला. त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला विलंबाचा आकडा जागेवर होता, जोडणी शाबूत होती. पैलवान एकमेकांची मनगटं धरून उभे होते. एक सेकंद गेला, दोन गेले. बाबा हलले नाहीत. त्यांनी दुसरं बटण दाबून पाहिलं नाही, जोर लावला नाही. ते थांबले.

कंट्रोलर थरथरला.

"चष्मा पुसत होतो," काका म्हणाले. "उचल."

गेंड्याने खांबाला डोक्यावर उचललं, चार सेकंद तसंच धरलं आणि पाठीवर व्यवस्थित आणून टेकवलं.

"तेव्हाही दाबलं होतं रे मी," काका म्हणाले. "हात घामेजलेले होते आपले. तुझे कमी, माझे जास्त."

"हे सांगायला अकरा वर्षं लागली तुला?"

"तू विचारलंस कधी? तू आपला पाऊस पडला का विचारायचास."

"चार मिनिटं उरलीत," बाबा नाक ओढत म्हणाले. "बडबड कमी कर आणि ऊठ."

"उठतोय. म्हातारा झालोय मी."

घंटा वाजली तेव्हा बाईंनी फळ्यावरचं प्रश्नचिन्ह पुसलं, मग त्याच्या आधीचा शब्दही पुसला. बाबा कंट्रोलर खाली ठेवेनात. मोजपट्टीने नोंद उघडली आणि वाचून दाखवली.

सामन्याची वेळ वीस मिनिटं आठ सेकंद. सरासरी विलंब एकशे सेहेचाळीस मिलिसेकंद. उचली एकतीस, तुटलेल्या शून्य. हात दाबल्याचे संकेत प्रत्येकी बत्तीस. बत्तिसावा संकेत घंटेनंतर सहा सेकंदांनी, आधी गेंड्याकडून. उत्तर चारशे दहा मिलिसेकंदांत.