पायरीवरचं ताट

हॅटी बिएलाकनं कांद्यावर सुरी उतरवली ती अशी, की जणू तो कांदाच डेट्रॉइटहून आलेला होता. बारीक, अजून बारीक. शेगडीवर खिम्याचा रस्सा रटरटत होता. पातेलं मोठं होतं, तिचा नवरा वॉल्ट होता त्या वेळचं. लहान पातेल्यात हा रस्सा साधतच नाही, असं ती कुणी विचारलं तर सांगे. अलीकडे कुणी विचारत नव्हतं.

मऊ पावात लांबट सॉसेज, त्यावर हा रस्सा, वरून मोहरीच्या पिवळ्या चटणीची रेघ आणि मूठभर कच्चा कांदा. डेट्रॉइटचे लोक त्याला कॉनी म्हणतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. हॅटीच्या मते ते अन्न नव्हतं, अपघात होता. पण आज बेसबॉलमध्ये बाल्टिमोरचा सामना डेट्रॉइटशी होता, आणि बिएलाकांच्या घरात ज्या गावाशी सामना, त्या गावाचंच खायचं.

हा नियम वॉल्टचा. "मैदानात आपली पोरं त्यांना बघून घेतील, घरात आपण त्यांना चावून खाऊ," असं म्हणून त्यानं पहिल्यांदा बॉस्टनच्या दिवशी गोड घेवडा शिजवायला लावला होता. मग न्यूयॉर्कच्या दिवशी राय पावात खारवलेलं मांस, कॅन्सस सिटीच्या दिवशी धुरावर भाजलेल्या फासळ्या. बाल्टिमोरचं स्वतःचं, म्हणजे खेकडे, ते मात्र सामन्याच्या दिवशी या घरात शिजत नसत. आपल्याच माणसांना कुणी खातं का?

तेव्हा बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पोलादाच्या कारखान्यातले वॉल्टचे सोबती, त्यांच्या बायका, जिन्याच्या पायऱ्यांवर पोरंटोरं. आता सोफ्यावर एक उशी होती आणि तिला सामन्यात काही रस नव्हता.

"हॅटी! आज कुणाला खातेस?"

खिडकीच्या जाळीपलीकडे शेजारची मिस टूला उभी होती. तिनं तिची घडीची खुर्ची फुटपाथवर मांडली होती आणि बसण्याआधी वास घ्यायला आली होती.

"डेट्रॉइटला."

टूलानं जाळीला नाक लावलं. "डेट्रॉइट म्हणजे आपल्या कॅझचं..."

"गावाचं नाव डेट्रॉइट. त्याच्यापुढे काही नाही."

"फोन कर की गं त्याला."

"फोन त्याच्याकडेही आहे."

"चार उन्हाळे झाले, हॅटी. पोटचा पोरगा आहे."

"तुला मोजायला कुणी बसवलंय? जा, तुझी खुर्ची कुणीतरी उचलून नेईल."

"मी येऊ का आत? तेवढीच सोबत."

"तुला खेळातलं ओ की ठो कळत नाही. मागच्या वेळी सगळा वेळ विचारत होतीस, तो चेंडू फेकणारा सारखा का थुंकतो म्हणून."

"मग का थुंकतो?"

"जा तू."

"बरं, जाते. माझं ताट पाठव. कांदा कमी."

टूला गेली. हॅटीनं मुद्दाम आणखी एक कांदा घेतला.

त्या घरात आणखी एक नियम होता. समोरच्या संघाचा माणूस घरात आला, तर त्यानं आत बसायचं नाही. त्याच्या हातात ताट द्यायचं आणि त्याला दारासमोरच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर बसवायचं. सामना संपला की घरच्यांनी दार उघडून त्याला आत घ्यायचं आणि गोडाची पहिली वाटी त्याला द्यायची, जिंको कुणीही. वॉल्टचा बॉस्टनचा मेहुणा वर्षानुवर्षं असा पायरीवर जेवला. जाणारे येणारे त्याला टोमणे मारत, तो परत टोमणे मारी. सगळी गल्ली हसे.

चार उन्हाळ्यांपूर्वी कॅझ बायकोला घेऊन आला होता. डेट्रॉइटहून, रात्रभर गाडी चालवून. आणि त्याच्या डोक्यावर डेट्रॉइटची टोपी होती. निळी, कड झिजलेली, जुनी. झिजलेली टोपी म्हणजे काही एका दिवसाचं प्रेम नव्हे. हॅटीनं दारातच ते पाहिलं. तिनं काही विचारलं नाही, आत गेली, दोन ताटं भरून आणली आणि दोघांच्या हातात दिली. कॅझ हसला. सून हसली नाही. मग दोघं पायरीवर बसले.

त्या दिवशी बाल्टिमोर डेट्रॉइटकडून शेवटच्या डावात हरलं. हॅटीनं टीव्ही बंद केला. पीचचा केक टेबलावर होता. तिनं भांडी घासली. ओटा पुसला, मग परत पुसला. दार उघडायचं काम घरच्यांचं होतं आणि घरात घरची अशी ती एकटीच होती. तिनं दार उघडलं तेव्हा पायरीवर एकावर एक ठेवलेली दोन ताटं होती. गाडी नव्हती.

नाताळला शुभेच्छापत्रं येत, वाढदिवसाला फुलं येत. माणूस आला नाही, आवाज आला नाही. हॅटीनंही फोन केला नाही. आईनं का करावा?

सामना दुपारी सुरू झाला. पाचव्या डावाला हॅटीनं ताटात दोन कॉनी घेतल्या आणि सोफ्यावरची उशी बाजूला सारली. तेवढ्यात बाल्टिमोरचा पोरगा धावून पहिल्या बेसवर पोचला आणि स्वयंपाकघरातला फोन वाजला. भिंतीवरचा, वेटोळ्या वायरचा.

"हॅलो. कुणाला मरायची वेळ आज मिळाली?"

"मिसेस बिएलाक? नदीन बोलतेय."

"कोण नदीन?"

हॅटीला आयुष्यात एकच नदीन माहीत होती.

"तुमची सून."

"हां. बोल. सामना चालू आहे."

"आमच्याकडेही चालू आहे."

हॅटीनं फोन या कानावरून त्या कानाला नेला. "कॅझ बरा आहे ना?"

"बरा आहे. तसं काही नाही. मी त्याला न सांगता फोन केलाय." पलीकडे तेल तडतडत होतं. "तुमच्या खेकड्याच्या वड्या. कढईत सोडल्या की फुटतात. दोन घाणे गेले वाया. तो म्हणतो, आईच्या कधी फुटायच्या नाहीत."

"खेकडे? सामन्याच्या दिवशी?"

"बाल्टिमोरशी सामना आहे ना आमचा? मग आम्ही काय खायचं?"

हॅटीनं पायानं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार?"

"म्हणजे आम्हाला चावायला बसलात," हॅटी म्हणाली, "आणि मीठ किती घालू ते मलाच विचारतेस? तुमच्या गावाला लाज कशी ती नाहीच."

नदीन हसली. हळूच, पण हसली. "सांगा ना."

हॅटीनं सांगितलं. खेकड्याचं मांस चिवडायचं नाही, मोठे तुकडे तसेच राहू द्यायचे. खाऱ्या बिस्किटांचा चुरा मूठभर, त्याहून जास्त घालणारी बाई कंजूष. एक अंडं, मेयोनीज, मोहरीची चटणी, खेकड्याचा मसाला. चमचा लावायचा नाही, बोटांनी हलकं कालवायचं.

"आणि?"

"आणि काय? वळा आणि तळा."

"थँक्यू, मिसेस बिएलाक."

फोन ठेवून हॅटी तशीच बसून राहिली. ती सांगे त्या पाककृतीत नेहमी एक पायरी कमी असे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. टूला कित्येक वर्षं त्या वड्या करून पाहत होती आणि दर वेळी त्यांचा चिवडा करून खात होती. मागणाऱ्याला सगळं सांगून टाकलं, तर तो परत दाराशी कशाला येईल?

बैठकीच्या खोलीत टीव्हीवरचे लोक ओरडले. कुणीतरी काहीतरी केलं होतं. हॅटी उठली, टीव्हीपाशी गेली आणि आवाज कमी केला. चालू सामन्यात या घरात आवाज कधी कमी झाला नव्हता. मग तिनं ताट उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि फोनखाली, स्टुलावर बसली. कॉनीवरचा रस्सा गार होऊन त्याच्यावर साय धरायला लागली होती. वड्या वळायला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. तेल तापायला किती. फुटायला तर काहीच नाही.

फोन वाजला. तिनं तो थोडा वाजू दिला.

"फुटल्या," नदीन म्हणाली.

"तेल तापलं नसेल."

"तापलं होतं. कॅझला कळलं मी कुणाला फोन केला ते. तो जाळीतून ओरडला, तिला विचार, काय गाळलंय."

हॅटीचा हात वायरीच्या वेटोळ्यात गेला. "कॅझ तिथेच आहे?"

"मागच्या पायरीवर."

"पायरीवर काय करतोय?"

"काय करतोय म्हणजे? जेवायची वाट बघतोय." नदीनच्या आवाजात खरंच नवल होतं. "आमच्या घरात बाल्टिमोरवाला बाहेर बसतो. मी आणि माझी आई आत, तो बाहेर. त्याचा रेडिओ घेऊन. नियमच आहे."

दारातून दिसणाऱ्या टीव्हीवर कुणी होम रन मारला असावा, पडद्यावरची माणसं तोंडं उघडून नाचत होती. कोणत्या रंगाची ते हॅटीनं पाहिलं नाही.

"त्याच्या डोक्यावर तुमची टोपी होती," ती म्हणाली.

"बाबांची होती." नदीननं गॅस बंद केला असावा, तेलाचा आवाज थांबला. "माझे बाबा त्याच महिन्यात गेले. त्यांच्या टोपीचं काय करावं कळत नव्हतं, म्हणून तो घालून आला. तुम्हाला सांगणार होता. पण तुम्ही दारातच ताट हातात दिलंत. मग म्हणाला, राहू दे, आत गेल्यावर सांगू."

ओट्यावर टूलाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. हॅटीनं झाकण उचललं, परत ठेवलं.

"मिसेस बिएलाक? आहात ना?"

"फ्रीजमध्ये," हॅटी म्हणाली.

"काय?"

"वड्या वळल्या की फ्रीजमध्ये ठेवायच्या. तासभर. गार झाल्या की एकमेकांना धरून राहतात. मग तळायच्या. एवढंच गाळलं होतं."

"तासभर? तोवर सामना संपेल."

"मग संपल्यावर खा. खेकडा कुठे पळून चाललाय?" "आणि ऐक. सामना संपला की त्याला आत घे. हरलात तरी."

नदीनच्या मागे, दूरवर, रेडिओवरचा माणूस भराभरा बोलत होता, तोच सामना, फक्त आवाज वेगळा.

"घेते मी," नदीन म्हणाली. "दर वेळी घेते. देऊ का आत्ता फोन त्याला? वायरचा नाही आमचा, बाहेर नेता येतो."

हॅटीनं डोळे मिटले आणि उघडले. "नको. नियम मोडू नकोस. आत आला की दे."

"बरं, मिसेस बिएलाक."

"आणि ते मिसेस बिएलाक बंद कर. कुणी वीज कापायला आल्यासारखं वाटतं."

तिनं फोन जागेवर टांगला. नीट बसला की नाही ते दाबून पाहिलं. मग एका हातात स्वतःचं ताट आणि दुसऱ्या हातात टूलाचं घेऊन ती बैठकीच्या खोलीतून सरळ पुढे गेली, टीव्हीसमोरून, आणि कोपरानं दार ढकलून पायऱ्यांवर आली. उन्हानं संगमरवर तापलेला होता. ती एका कडेला बसली, भिंतीला टेकून, आणि उरलेली पायरी मोकळी ठेवली.

टूलानं खुर्चीतून मान वळवली. "अगं बाई! तुला कुणी बाहेर काढलं?"

"धर तुझं ताट."

"कांदा बघ किती घातलाय मेलीनं." टूला खुर्चीतून उठून पायरीकडे सरकली. "हो बाजूला, मीही बसते."

"तिथे नको. तू तुझ्या खुर्चीत बस."

टूलानं मोकळ्या पायरीकडे पाहिलं, मग हॅटीकडे. परत खुर्चीत बसली. थोडा वेळ दोघी खात राहिल्या. मोहरी हॅटीच्या बोटांवर ओघळली, ती तिनं ॲप्रनला पुसली.

"हे इतकं वाईट नाही गं," टूला म्हणाली. "कोण जिंकतंय?"

"लवकर संपू दे म्हणजे झालं," हॅटी म्हणाली.

फोनची घंटा ऐकू यावी म्हणून पाठीशी असलेलं घराचं दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं.