टेबल आवरताना पुसलेली फाईल

मी एक फाईल बोलतेय. पुसलेली. दचकू नका, भूतबीत काही नाही. एकदा पुसून पुन्हा माणसात आलेली आहे, एवढंच.

माझ्या पोटात एक फोटो आहे. जमिनीवर पसरलेला खाकी कागद, त्याच्या कडेला मापाची टेप आणि वरच्या कोपऱ्यात चुकून आलेला पायाचा अंगठा. अंगठा सूनबाईंचा, कागद सासूबाईंचा. व्हायोलिन शिकवणाऱ्या एका सरांच्या कोटाचा तो नमुना. वर्षानुवर्षं व्हायोलिन धरून सरांचा डावा खांदा वर चढलाय, म्हणून त्यांच्या कोटाचा डावा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, वेगळा बेतावा लागतो.

सासूबाई शिवणकाम करतात. तीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांचे असे दोनशे अकरा नमुने आतल्या खोलीत भिंतभर खिळ्यांना टांगलेले होते. मुलाचं लग्न झालं आणि ती खोली नव्या जोडप्याला द्यायची ठरली. नवी सून मुळात कमी बोलणारी. दोनशे अकरा जणांना उठवून आपण तिथे राहायला आलोय, हे तिच्या मनाला लागलं असावं. तिनेच सुचवलं, "आई, सगळ्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवू या. हवा तो उघडायचा, मापं बघून पुन्हा कागदावर काढायचा."

"हरवणार नाहीत ना गं?"

"नाही हरवणार, आई."

एवढ्या भरवशावर तीस वर्षांचे कागद रद्दीत गेले.

तीन आठवडे ती स्टुलावर चढून, वाकून फोटो काढत होती. फोनमध्ये जागा कमी, म्हणून रोजचे फोटो त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरायचे आणि फोन रिकामा व्हायचा. कॉम्प्युटर जुना, घरघरणारा. आम्ही सगळे त्याच्या पडद्यावर छोट्या चित्रांच्या रांगा करून उभे राहिलो. मी एकशे सव्विसावी.

आता सासूबाईंची शिस्त सांगायला हवी. दिवसाचं काम संपलं की त्यांचं कापायचं टेबल कोरं करकरीत झालंच पाहिजे. चिंध्या टोपलीत, टोपली बाहेर रिकामी, मगच फिरायला जायला चपला घालायच्या. सूनबाईंनी त्यांना फोटो उघडायला शिकवलं, नको ते पडद्यावरच्या टोपलीत टाकायलाही शिकवलं. विद्यार्थिनी हुशार निघाली, हाच घोटाळा झाला.

सोमवारी संध्याकाळी सूनबाई बाहेर गेल्या होत्या. सासूबाईंनी टेबल आवरलं आणि मग त्यांची नजर पडद्यावर गेली. त्यांची पक्की समजूत अशी, की खरे नमुने यंत्राच्या आत नीट ठेवलेले आहेत आणि वर दिसतात ते कापून उरलेले तुकडे.

"काय पसारा करून ठेवलाय पोरीने," त्या पुटपुटल्या आणि एका झटक्यात आम्हाला टोपलीत लोटलं. मग टोपली भरलेली दिसली. ती तरी कशी ठेवणार? यंत्राने विचारलं, कायमचं पुसायचं, नक्की ना? "विचारतोस काय मेल्या, आवरायचंच आहे," म्हणत त्यांनी होकार दाबला.

पुसणं म्हणजे नक्की काय, ते माझ्याकडून ऐका. इमारतीच्या फाटकावरच्या यादीतून तुमचं नाव खोडतात. तुम्ही घरातच असता. पण खोली रिकामी आहे असं समजून कोणीही सामानसुमान घेऊन आत शिरू शकतं आणि शिरलं की तुम्ही संपलात.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. शनिवारी सरांचा कार्यक्रम, नवा कोट आजच बेतायला घ्यायचा होता. पडदा कोरा. टोपली रिकामी. सूनबाईंनी एकेक कप्पा उघडून पाहिला. आणि सासूबाई, ज्यांचं तोंड एरवी मशीनपेक्षा जास्त चालतं, त्या नुसती मापाची टेप उलगडून गुंडाळत राहिल्या.

मुलगा धावत आला. "घाबरू नका. पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर असतं. आत्ता उतरवून घेतो."

मी हादरले. ते उतरवणार ह्याच डिस्कवर, म्हणजे बसणार आमच्याच उरावर! तेवढ्यात सूनबाईंनी, ज्यांचा आवाज ह्या घरात अजून कोणी नीट ऐकला नव्हता, भिंतीतला प्लग खस्सकन उपटला.

"अगं, काय करतेस!"

"हात लावायचा नाही. कोणीही. ह्यावर आता काही लिहायचं नाही."

नवरा दोन पावलं मागे सरला. लग्नात वचनं देतानाही बिचारा इतका गंभीर नव्हता.

तिघंजण कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डिस्क बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडली, नुसती वाचण्यापुरती. दोन तासांनी आम्ही एकेक करून उठलो. दोनशे अकरांपैकी दोनशे आठ. पण नावं गेली होती, उरले फक्त आकडे.

"नावं नाही येणार, काकू. आता कोण कुठलं ते ओळखत बसा."

सासूबाईंनी चष्मा चढवला. "हे पोस्टमास्तर, पोट सांभाळून बेतलेत. ह्या दातांच्या डॉक्टरीणबाई, हात लांब. पुढचं दाखव."

"काकू, माझंही माप नुसतं बघून सांगाल?"

"तुझी पँट दोन इंच आखूड आहे. त्याला बघायला कशाला हवं, येताना दारातूनच दिसलं."

मग मी आले. अर्धीच. सकाळी सुरू झाल्या झाल्या कॉम्प्युटरने स्वतःच्या नोंदी लिहिल्या, त्या नेमक्या माझ्या पायांवर. खालचा भाग राखाडी. डावा मुंढा त्यातच गेला.

"हे आपोआप झालेलं नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "कोणीतरी पुसलं आणि वर टोपलीही रिकामी केली. व्यवस्थित माणूस दिसतोय."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने खाली मान घातली. "माझ्याच हातून झालं असेल."

सासूबाईंनी चष्मा काढला. "तुझ्या हातून? तू कधी काही आवरलंयस ह्या घरात?" आणि मग हळूच, "मी आवरलं गं. सकाळपासून सांगायला तोंड होत नव्हतं."

सूनबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम.

सरांना बुधवारी बोलावून डावा मुंढा नव्याने मापला. कोट शुक्रवारी तयार झाला. आता आम्ही तीन ठिकाणी राहतो: घरी, मुलाच्या ऑफिसात आणि एका डबीएवढ्या छोट्या डिस्कमध्ये, जी सासूबाई सुयांच्या डब्यात ठेवतात. सरांच्या नव्या नमुन्याची अख्खी फाईल वेगळी आहे. मी अर्धी, खरं तर बिनकामाची. पण मला पुसायचं कोणी नाव काढत नाही. अंगठा तेवढा शाबूत आहे.

तुम्हाला एकच विनंती. आवरा, खुशाल आवरा. पण टोपली रिकामी करण्याआधी घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला एकदा विचारा, ह्यात तुझं काही आहे का?