डिम्फना रस्त्यात उभी राहिली

डिम्फना त्या रविवारी रस्त्यावर आली ती भाचीला हरताना बघायला. तसं ती कुणाजवळ बोलली नव्हती. पण घरातून निघताना तिने लाल कोट चढवला होता, आणि कुणाची जिरणार असली की बाई तो कोट कपाटातून बाहेर काढते हे उत्तर आयर्लंडातल्या आर्माच्या त्या टेकडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भाची म्हणजे ब्रोना, धाकट्या भावाची, फ्रान्सिसची मुलगी. जन्म इंग्लंडातला, कव्हेंट्रीचा. बोलणं तिकडचं, चहासुद्धा तिकडच्यासारखा फिक्कट. आज रस्त्यावरून लोखंडी गोळा लांबवर फेकायच्या खेळात तिने शोना मॅकार्डलला हरवलं, तर आयर्लंडची हिरवी जर्सी तिच्या अंगावर चढणार होती. हरली तर शोना हॉलंडच्या स्पर्धेला जाणार आणि ही आल्या वाटेने परत. इतका सरळ मामला होता.

"मागे पांढरी घातली, आता हिरवी मागतेय," कुंपणाला टेकलेला यूजीन म्हणाला. "उद्या जर्मनीवाल्यांनी दिली तर तीही घालेल!"

लोक खदखदून हसले. डिम्फनाही हसली.

त्या पांढऱ्या जर्सीनेच तर सगळा घात केला होता. सोळाव्या वर्षी ब्रोना इंग्लंडच्या शाळांकडून भाला फेकायला उतरली, आणि फ्रान्सिसने मोठ्या कौतुकाने तिचा त्या जर्सीतला फोटो बहिणीला पाठवला. ज्या घराचं दार ब्रिटिश शिपायांनी लाथा घालून उघडलं, ज्या घरात डिम्फनाच्या बापाला पोराबाळांदेखत भिंतीशी उभं केलं, त्या घरात हा फोटो! डिम्फनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोनवर भावाला नाही नाही ते सुनावलं, "मला तू मेलास" म्हणाली, आणि तेव्हापासून दोघांत एक अक्षर नाही.

खेळ सुरू झाला. कडेला कुठे झुडपांचं कुंपण, कुठे दगडी भिंत, मधून अरुंद वळणावळणाचा रस्ता, आणि फेकणारीच्या पुढे रस्त्यात पाय फाकवून उभा राहिलेला एक माणूस. गोळा त्याच्या दोन पायांमधून काढायचा. त्यालाच विचारून फेकायचं, त्याच्यावरच भरवसा टाकायचा. ब्रोनासाठी असं उभं राहायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा डिम्फनाचाच मुलगा कॉर्मक उभा राहिला. त्याबद्दल सकाळी आईने त्याची चांगली हजेरी घेतली होती.

कॉर्मक बिचारा शहाण्यासारखा रस्त्याच्या मधोमध उभा राहत होता. तरी ब्रोनाचा गोळा दर वेळी डावीकडच्या गवतात जाऊन बसत होता.

"हात जड आहे हिचा," कुणीतरी म्हणालं. "पण रस्ता कळत नाही. कळणार कसा? इथली आहे कुठे ती?"

डिम्फना पोरीकडेच बघत होती. तिचं लक्ष गोळ्याकडे नव्हतंच. पोरगी धावत आली, छोटी उडी मारली, हात मागून गरगरला आणि सुटता सुटता मनगट आत वळलं. डिम्फनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगं आई गं! हा तर फ्रान्सिस! तीच उडी, तेच मनगट. इथल्या सगळ्यांचा गोळा जमिनीला टेकला की उजवीकडे वळतो. एकट्या फ्रान्सिसचा डावीकडे वळायचा. लहानपणी त्याच्यासमोर उभं राहून राहून तिच्या नडग्या फुटल्या होत्या. कव्हेंट्रीत पोरगी शिकली त्या गोदामांमागच्या रुंद रस्त्यावर गोळा वळला काय अन् न वळला काय, तिथे कुणाचं अडत होतं? इथे अडत होतं. देवा रे, हात समुद्र ओलांडून गेला, पोरीत उतरला आणि परत इथेच आला, असं तिला झालं.

शेवटची फेक उरली. शोनाचा गोळा डावीकडच्या वळणापलीकडे जाऊन थांबला होता. त्याच्या पुढे गेला तर ब्रोना, नाहीतर संपलं.

डिम्फना तरातरा रस्त्यात उतरली.

"कॉर्मक, हो बाजूला."

"आई, तू? अगं, गुडघे बघ आपले!"

"माझे गुडघे माझ्यापाशी. हो म्हटलं ना!"

ती मधोमध नाही उभी राहिली. पार उजव्या कडेला, दगडी भिंतीला चिकटून पाय फाकवले तिने. लोकांत कुजबुज झाली.

"तिथे फेकला तर भिंतीवरच आपटेल की!" यूजीन ओरडला. "पोरी, ऐकू नकोस. तुला पाडायला उभी राहिलीय ही!"

ब्रोना गोळा हातात घेऊन थबकली. ही आत्या. आल्यापासून हिने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पोरगी तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय?" डिम्फना गरजली. "जीव खाऊन फेक! मी हलणार नाही!"

ब्रोना धावली.

गोळा डिम्फनाला दिसलाच नाही. रस्त्यावर लोखंड कडाडलं, घोट्यांमधून वारं सुटलं, कोटाची कड फडफडली. ती तसूभर हलली नाही. मान वळवून पाहते तो गोळा सरळ भिंतीवर निघालेला. आणि मग, कुणीतरी बोट धरून वळवावं तसा, तो हळूहळू डावीकडे झुकला, भिंतीला न शिवता वळणातून गेला, शोनाच्या खुणेवरून गेला आणि उतारावर दिसेनासा झाला. यूजीनने डोक्यावरची टोपी काढली. मग सगळे एकदम धावत सुटले.

ब्रोना रडत आली. "आत्या, तुम्हाला लागलं असतं!"

"लागलं नाही ना? मग रडतेस काय? बापाला फोन लाव."

फोन लागला. डिम्फनाने तो पोरीच्या हातातून काढून घेतला.

"जिंकलीस का गं?" पलीकडून फ्रान्सिस घाईघाईने म्हणाला.

"जिंकली. मी बोलतेय."

आणि लगेच ती खेकसली, "पोरीला मनगट वळवायला शिकवलंस आणि बघायचं कुठे ते शिकवलं नाहीस? अक्कल आहे का तुला?"

"मला कुठे ठाऊक होतं?" फ्रान्सिस म्हणाला. "मी आपला तू उभी असशील तिथे फेकायचो."