शेजाऱ्यांनी कुळवलेलं सोयाबीन

सहा वर्षांत अर्लन ट्यादेनने शेतात नांगर घातला नव्हता. हिवाळ्याआधी तो राय हे गव्हासारखं धान्य पेरायचा आणि वसंतात ती आडवी लोळवून तिच्याच गादीत सोयाबीन पेरायचा. मूठभर माती उचलली की गांडुळं निघत. पण आयोवात शेताची पारख गाडीच्या काचेतून होते, आणि काचेतून ते पडीक रान दिसायचं.

"अर्लन," शेजारचा व्हर्लिन गावातल्या सकाळच्या कॉफीला सगळ्यांसमोर म्हणायचा, "तुझ्या रानात माझं वासरू शिरलं तर म्हातारं होऊन बाहेर पडेल."

जूनमध्ये गारपीट झाली. विमा कंपनीच्या मार्लिसने फोनवर बजावलं, "मी येईपर्यंत शेताला हात लावू नका. नुकसान गारांनी केलं, तुमच्या पद्धतीने नाही, हे मला पीक बघूनच लिहिता येईल. नाहीतर दावा फेटाळतील, आणि पुढच्या वर्षी या पद्धतीला विमाही देणार नाहीत."

विमा नाही म्हणजे पुन्हा नांगर. अर्लनने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पित्ताशयाने उचल खाल्ली आणि त्याला दवाखान्यात नेऊन ते कापून काढावं लागलं.

माणूस दवाखान्यात गेला की इकडे शेजारी त्याचं राहिलेलं काम उरकतात. त्याला विचारत नाहीत, कारण विचारलं तर तो नको म्हणतो. व्हर्लिनने चार ट्रॅक्टर जमवले, तव्यांचे कुळव जोडले आणि दुपारपर्यंत सगळं शेत काळंभोर करून टाकलं. व्हर्लिनच्या बायकोने रेवाचिनीच्या आंबट देठांचं सारण भरलेला गोड 'पाय' भाजून अर्लनच्या ओट्यावर ठेवला.

अर्लन घरी आला. बराच वेळ तो गाडीतून उतरलाच नाही.

मार्लिस आली तेव्हा व्हर्लिन बांधावर उभा होता. "कसं आरशासारखं दिसतंय!" तो म्हणाला.

"दिसतंय खरं," मार्लिस म्हणाली. "मी मोजू काय?"

पोटाचे टाके धरून अर्लन तिला विजेच्या खांबाकडे घेऊन गेला. तिथे कुळवाला वळता आलं नव्हतं. खोलीएवढ्या तुकड्यात रायची गादी शाबूत होती आणि तिच्यात सोयाबीनची मोडलेली बुडखं सरळ ओळीत उभी होती. मार्लिसने गुडघे टेकून ती मोजली.

"हा एक कोपरा झाला," ती उठत म्हणाली. "बाकीचं शेत पाहिलेला कोणी आहे?"

बांधावर एकच माणूस होता.

"व्हर्लिन, कुळवण्याआधी सोयाबीन कसं होतं?"

व्हर्लिनने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "ओळी भरलेल्या होत्या. गारांनी झोडपलं."

"गारांच्या आधी? तुमच्या शेताच्या मानाने?"

"माझ्याइतकंच."

मार्लिसने लिहून न घेता त्याच्याकडे पाहिलं.

"थोडं बरं," व्हर्लिन म्हणाला. "हे कॉफीला कुणाला सांगू नका."

दावा मंजूर झाला आणि पद्धतीचा विमाही टिकला. कंपनीने गारांची भरपाई दिली. सहा वर्षं न नांगरता घडवलेल्या आणि कुळवाने मोडलेल्या मातीच्या भरपाईचं अर्लनने मार्लिसला एकदा विचारून पाहिलं. वारा, पूर, दुष्काळ, कीड या सगळ्यांना पॉलिसीत जागा होती. शेजाऱ्यांना नव्हती.

रविवारी चर्चबाहेर व्हर्लिनने त्याला गाठलं. "तो खांबाजवळचा तुकडा राहिलाय बघ. फार वाईट दिसतो रस्त्यावरून. उद्या येऊन उरकून टाकू?"

"नको," अर्लन म्हणाला. "मी आता बरा आहे."

"खरंच?"

"एकदम. रेवाचिनीचा 'पाय' छान होता."