कात्री उघडताना

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या आम्ही आठ जणी. त्यांत सगळ्यांत जुनी माझी सख्खी ताई, आणि सगळ्यांत तोंडाळ मी. निम्म्या जणी ताईच्या हाताखाली शिकल्या. पण यंदा तिच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कोटाचं जाड कापड आलंय. झेपत नसेल तर सोमवारपासून बटणांच्या टेबलावर बसा."

"बटणं लावण्यापेक्षा मी घरी बसेन," जेवणाच्या सुट्टीत ताई मला म्हणाली. तो हट्ट नव्हता. ती घाबरली होती.

हे आमच्या मिस्त्रीच्या कानावर गेलं. मशिनं दुरुस्त करणारा हा माणूस नवा, उत्साही आणि नको तिथे हुशार. त्याने ताईला एवढंच विचारलं, "दुखतं कधी? कापताना की उघडताना?"

ताईने हवेतच कात्री चालवल्यासारखं केलं. "उघडताना," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले.

शुक्रवारी सकाळी ताईच्या टेबलावर कापडात गुंडाळलेली कात्री दिसली. आता आमच्याकडची रीत अशी, की जिला कामावरून काढायचं तिची कात्री गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवतात. तोंडाने कुणी काही सांगत नाही. ताईने ती गुंडाळी पाहिली, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली.

मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाही ठेवली." मग उरला कात्रीची चौकशी करणारा मिस्त्री. मी तडक त्याला गाठलं. "अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

तो पांढराफटक पडला. "अहो, ती नवी कात्री आहे. स्प्रिंगवाली, आपोआप उघडणारी. गंज धरू नये म्हणून गुंडाळली."

रीत कळल्यावर तो डोकं धरून बसला. खरं तर उघडी ठेवली असती तरी ताईने ती घेतली नसती. स्वतःच्या कात्रीच्या मुठी बोटांप्रमाणे झिजलेल्या असतात. एक वेळ जुना नवरा बदलता येईल, जुनी कात्री नाही. हे मी त्याला ऐकवलं.

"मग त्यांच्याच कात्रीला स्प्रिंग बसवली तर?" तो म्हणाला.

"बसव. पण नको वाटली तर काढता आली पाहिजे."

आम्हा दोघींच्या खोलीवर जाऊन मी ताईला अक्षरशः ओढत आणलं. तोवर मिस्त्रीने खणातली तिची जुनी कात्री काढून दोन्ही मुठींच्या मध्ये पोलादी पट्टी बसवली होती. ताईने आधी एक चिंधी कापली, मग अस्तर. मग कुणालाही न विचारता तिने कोटाचं कापड पुढ्यात ओढलं. बोटं सैल सोडली की कात्री आपली आपण उघडत होती.

आमच्यात एक आहे, तिला सगळे सुसाट म्हणतात. तिचा हात कुणी धरत नाही, आणि जीभही. ती म्हणाली, "कात्रीला कुबडी लावली वाटतं."

ताई कापत राहिली. दुपार कलली तेव्हा तिचा ढीग सुसाटच्या ढिगाच्या बरोबरीला आला होता. मालकीणबाईंनी येऊन एक तुकडा उलटसुलट पाहिला. "सोमवारी कोटांवरच बसा," म्हणाल्या आणि गेल्या. मला रडूच आलं.

काम सुटताना सुसाट मिस्त्रीजवळ घुटमळली. "माझ्याही कात्रीला लावून दे. मला दुखतबिखत नाही हं. बघू नुसतं."

मग दुसरी आली. तिलाही दुखत नव्हतं. तिसरीला तर मुळीच नाही. दुखत कुणालाच नव्हतं, पण मिस्त्रीच्या टेबलापुढे रांग लागली. मी मात्र बाजूला उभी राहून ओळीने सगळ्यांची टिंगल करत होते.

ताई उठली. तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि थेट रांगेच्या पुढे जाऊन मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"आधी हिची कर," ती मिस्त्रीला म्हणाली. "रोज रात्री माझ्याकडे पाठ करून अंगठा चोळत बसते. तिला वाटतं, मी झोपलेय."