झाडपाल्याचा वैद्य

यंदा कार्निव्हलच्या मिरवणुकीत नाचणार नाही असं वाल्देमार म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे दक्षिण गोलार्धात फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यात अख्खं मोंटेव्हिडिओ ढोलांमागे रस्त्यावर येतं आणि हा घरात बसणार! लग्न झाल्यापासून आमच्या ताफ्यात तो झाडपाल्याचा वैद्य होतो आणि मी त्याची म्हातारी. तो दाढी लावून, काठीवर वाकून अंगभर थरथरतो आणि ढोल तापले की पोरासारखा नाचतो. लोक त्या थरथरण्यासाठीच थांबतात.

"का नाही?"

"कंटाळा आला."

कंटाळा कसला डोंबलाचा! जुलैच्या थंडीपासून त्याचा उजवा हात आपोआप कापायला लागला होता. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. तेव्हापासून हा चारचौघांत हात खिशातून काढेना. एकाच पेल्यातून फिरणारा आमचा कडू चहा, तोही नको. सांडेल म्हणून. विचारलं की, "पोट बिघडलंय." ताफ्याचा म्होरक्या ओमेरो, याचा बालमित्र, रुसून बसला.

"निल्दा, तुझा नवरा माझ्या हातचा चहा घेत नाही. मी काय त्याचं घोडं मारलंय?"

मी काय सांगणार? मेल्याने शपथ घातली होती.

मिरवणुकीच्या दिवशी खाली गल्लीत पुठ्ठे पेटवून पोरं ढोल शेकत होती. मी झगा चढवला आणि म्हटलं, "बरं, बस तू. मी ओमेरोच्या मेहुण्याबरोबर नाचते. त्याने नवी दाढी आणलीय."

"तो? तो नाचतो की झुरळं मारतो?"

"निदान येतो तरी."

वाल्देमार तणतणत उठला आणि दाढी शोधायला लागला.

पण रस्त्यावर आला तो खांबासारखा. उजवा हात काठीवर, वर डावा दाबलेला, अंग ताठ. माझा जीव टांगणीला लागला. वाटलं, उगाच ओढून आणलं, आता सगळ्यांसमोर याची शोभा होणार. तेवढ्यात एका गच्चीवरून बाई ओरडली, "अगं म्हातारे, तुझा वैद्य बरा झाला वाटतं! कापतच नाही!"

लोक हसले. वाल्देमारने माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात हळूच बाजूला घेतला.

उजवा हात कापायला लागला. टाळ्या पडल्या. हातातून ते कापणं खांद्यात गेलं, खांद्यातून गुडघ्यात. आजार कुठे संपतो आणि सोंग कुठे सुरू होतं, ते मला, त्याच्या बायकोला, कळेना. लोक "आणखी, आजोबा, आणखी" म्हणत होते आणि तो दाढीआड हसत होता. कितीतरी महिन्यांनी हसत होता. छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. म्हातारीच्या सोंगातल्या हातपंख्याआड तोंड लपवून मी पोटभर रडून घेतलं आणि पाय मात्र तालात ठेवले.

रस्ता संपला, ढोल थांबले. घामाने निथळत ओमेरो आला. रुसवा होताच, पण राहवेना त्याला. "इतकं झकास कधी कापला नव्हतास. तालीम कुठे केलीस?"

वाल्देमारने दाढी काढली. "तालीम नाही. आजार आहे. थांबत नाही हा हात."

ढोलवाले जवळ सरकले. ओमेरो त्या हाताकडे बघत राहिला.

"गाढवा," तो म्हणाला, "आणि मी समजत होतो, माझंच काही चुकलं."

त्याने वाल्देमारला मिठीत घेतलं. ओमेरोच्या ओल्या पाठीवर तो हात कापत राहिला, सगळ्यांसमोर, आणि वाल्देमारने तो काढून घेतला नाही.