चष्मा पुसेपर्यंत

“बसून घ्या, बसून घ्या, मागच्यांना दिसू द्या,” आमचे हे रिकाम्या सभागृहाला सांगत होते. माइक तपासताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणायची ह्यांना पहिल्यापासून चीड. रिकाम्या खुर्च्यांना कसलं हॅलो करायचं, म्हणतात. मग खुर्च्यांनाच बसायला सांगणं हे शहाणपणाचं का, असं मी लग्नाच्या वर्षी विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.

एरवी मी ह्यांच्या कामावर जात नाही. लाउडस्पीकर घरात सवतीसारखा नांदला, तेवढा पुरे. पण आज भाऊंची शोकसभा होती. भाऊ मोठे पुढारी, आणि त्यांच्या पहिल्या सभेपासून माइक ह्यांचा. भाऊ ह्यांना नावाने कधी हाक मारत नसत. “माझा कान कुठाय?” म्हणून विचारायचे, आणि हे तारांच्या गुंत्यातून डोकं वर काढायचे.

दोघांत एक खूण होती. भाषण ऐन रंगात आलं की भाऊ मध्येच थांबत, चष्मा काढत आणि सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागत. की ह्यांनी आवाजाचं बटण पार खाली आणायचं. मग भाऊ अगदी हळू, घरात बोलल्यासारखं बोलायचे. मैदानभर माणसं पुढे झुकायची. खोकणारा खोकला गिळायचा. लोक म्हणायचे, भाऊंच्या जिभेवर जादू आहे. होतीच, नाही कशी म्हणू? पण त्यातली थोडी रोज आमच्या घरी जेवायला यायची.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि भाऊंची वाचाच गेली. ज्यानं हजारोंना गप्प केलं, त्याला पाणी मागता येईना. हे भेटायला जायचे आणि दोघं नुसते बसून राहायचे. घरी आल्यावर ह्यांना जेवण जात नसे.

सभेच्या बऱ्याच आधी वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, आल्या. पहिल्या रांगेकडे न जाता सरळ आमच्या टेबलाशी आल्या.

“भावजी, आवाजाला तुम्हीच आहात ना? मी हट्टच धरला होता. पक्षाची ती साउंडवाली कंपनी नको म्हटलं.”

“मीच आहे, वहिनी.”

“घरात चार पगारी माणसं बसून भाषण लिहितायत. एकानं मला विचारलं, भाऊंचा आवडता रंग कोणता? आता इतका संसार केला, पण मला मेलीला ठाऊक नाही.” त्या हसायला गेल्या आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. “भावजी, मुलगा ते वाचून दाखवणार. वाचू दे. पण बापासाठी एक वाक्य तरी त्याचं स्वतःचं येऊ दे. मला दुसरं काही नको.”

“माझ्या हातात नुसतं बटण आहे, वहिनी.”

“आमच्या ह्यांच्या वेळी तरी दुसरं काय होतं?” त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं धाकटे आले. भाऊंचा मुलगा, भाऊंची जागा आता त्याच्याकडे. लहानपणी ह्यांच्या खोक्यांवर झोपलेलं पोर, म्हणून हे त्याला अजून अरे-तुरे करतात. मंचावर दोन उंच काचा उभ्या केल्या होत्या. त्यांच्यावर भाषणाची अक्षरं सरकतात. समोरच्याला वाटतं माणूस आपल्याकडेच बघून बोलतोय.

“काका, आवाज एकसारखा ठेवा हं. वरखाली नको.”

“दोन शब्द मनचे बोल की रे. बापाची सभा आहे.”

तो थांबला. मला वाटलं, रागावतोय. पण तो टेबलाला टेकून हळूच म्हणाला, “बाबांचं काही चुकलं तर लोक हसायचे नि घरी जायचे. माझा एक शब्द घसरला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर. मागे एकदा कुणी प्रश्न विचारला तर मी खरं बोललो, ‘मला माहीत नाही.’ आठवतंय ना? गाणं केलं त्याचं. माझ्या मुलीला शाळेत म्हणून दाखवायची पोरं.”

ते गाणं आमच्याही घरात वाजलं होतं.

सभागृह गच्च भरलं. एकेक जण उठून बोलत होता आणि भाऊ एकेकाच्या तोंडी जास्तच पुतळ्यासारखे होत होते. दीपस्तंभ झाले, वटवृक्ष झाले, महामेरू झाले. लोक फोन बघत होते. पुढाऱ्यांना आता बोलता येत नाही म्हणून सगळे ओरडतात, पण ऐकायला तरी कोण बसलंय, असं माझ्या मनात येत होतं. हे मात्र समोर नजर लावून, बटणावर बोटं ठेवून बसले होते.

मग धाकटे उठले. “आजचा दिवस आपल्या सर्वांसाठी अत्यंत दुःखाचा आहे,” असं सुरू झालं. डावीकडची काच, उजवीकडची काच. स्वच्छ उच्चार, कुठे अडखळणं नाही. बातम्या ऐकल्यासारखं वाटत होतं. पहिल्या रांगेत वहिनींची मान हळूहळू खाली गेली.

“बाबांचा शेवटचा काळ…” धाकटे म्हणाले आणि थांबले. काचेवर पुढचं सरकलं असणार, पण ते बोलेनात. डोळे भरून आले होते. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागले.

थेट बापासारखे.

ह्यांचा हात आपोआप खाली आला. आवाज पार उतरला. सवयीनं की वहिनींच्या शब्दाखातर, हे मी ह्यांना कधी विचारलं नाही.

आणि काय सांगू, सभागृह चिडीचूप झालं. फोन खाली गेले. माणसं पुढे झुकली. मला वाटायचं ती माणसं भाऊंबरोबरच संपली. कसली संपलीत! सगळी तिथंच होती, कान देऊन. वहिनींनी मान वर केली. चष्म्याशिवाय त्याला काचेवरचं अक्षर दिसणार नव्हतं. आता बोलला तर मनचंच बोलणार. बोल रे राजा, बोल.

त्याचे ओठ हलले. “बाबा…” एवढंच, अगदी हळू. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

त्यानं समोर पाहिलं. एवढी माणसं गप्प बसून आपल्याकडे बघताहेत, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो घाबरला. चष्मा घाईघाईनं डोळ्यांवर चढवला आणि माइकवर टकटक केलं. “आवाज गेलाय. साउंडला कोण आहे?”

कुणी तरी हसलं. दोन कार्यकर्ते आमच्याकडे धावत आले. “झोपलात का, आजोबा?” ह्यांनी बटण वर केलं. “…अत्यंत प्रेरणादायी होता,” काचेवरचं वाक्य पूर्ण झालं, आणि भाषण शेवटपर्यंत नीट पार पडलं. टाळ्याही पडल्या.

जाताना वहिनी टेबलाशी थांबल्या. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

हे तारा गुंडाळत होते. माइक डब्यात गेला होता, मशीन बंद झालं होतं. माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. एवढ्यात धाकटे एकटेच परत आले. आता हे बोलणी खाणार, म्हणून मीच पदर खोचून उभी राहिले.

तो एका खोक्यावर बसला. लहानपणी झोपायचा, तशाच खोक्यावर.

“काका, तुम्ही मुद्दाम केलंत. कळलं मला.” तो तारेचं एक टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. “वर्षभर बाबांची दाढी मीच करायचो. नर्सला करू देत नव्हतो. एकदा हात घसरला, गालावर रक्त आलं. मी रडायलाच लागलो. बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट थोपटलं आणि दुसरा गाल पुढे केला. कर म्हणाले. म्हणजे… म्हणाले नाहीत.” त्यानं चष्मा काढला. “एवढंच सांगायचं होतं मला. आईला.”

ह्यांचा हात बंद मशीनच्या बटणाकडे गेला आणि त्यावर तसाच राहिला. वहिनींची गाडी केव्हाच निघून गेली होती.